पेपर वाळेपर्यंत

ओळखीत कुणी नवं घर घेतलं की कधी ना कधी फोन येतोच, अगं हॉलच्या भिंतीला एखादं शांत चित्र दे ना. शांत म्हणजे कसं हवंय असं विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, तळं पाहिजे, त्यात एखादी होडी, मागे डोंगर, सूर्य मावळताना, आणि माणसं नकोत. माणसं नकोत यावर तर सगळ्यांचा एकदम जोर. मला त्यांचं म्हणणं कळतं, दिवसभर माणसांतच असतो आपण, ट्रॅफिक, ऑफिस, सोसायटीचा ग्रुप, तर भिंतीवर तरी नकोत. पण इतकी वर्षं वॉटरकलरमध्ये लँडस्केप करत आल्यावर मला हे पटेनासं झालंय. निवांत तळ्याची अशी चित्रं मी बघितलीत की त्यांच्यासमोर दोन मिनिटं उभं राहवत नाही, आकाश केशरी, पाणी केशरी, डोंगर जांभळे, सगळं एकाच वेळी ओरडतंय. आणि भर बाजारातल्या गल्लीचं चित्र बघितलंय, हातगाड्या, ताडपत्र्या, माणसंच माणसं, आणि तरी बघताबघता जीव शांत होतो. म्हणजे शांतता विषयात नाहीये, होडीत नाहीये, सूर्यास्तात तर अजिबात नाहीये. मग ती कुठून येते, काढणाऱ्याच्या आत आधी कशी येते आणि नंतर कागदावर कशी उतरते, हे मला बरेच दिवस लिहायचं होतं.

आमच्या पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात चित्रं काढणाऱ्या माणसाला मेणवली माहीत नाही असं सहसा होत नाही. वाईपासून तीनेक किलोमीटर, कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागून नदीत उतरत गेलेला दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि ती मोठी घंटा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चमधून आलेली. थंडीत गेलात तर आर्ट कॉलेजची पोरं बोर्ड मांडीवर घेऊन पायऱ्यापायऱ्यांवर बसलेली दिसतात, एखादे सर मागून फिरत असतात, कुणाच्या तरी पॅलेटला शेळी तोंड लावत असते. घाटाला आपलं काही पडलेलं नसतं, बायका धुणं आपटत असतात, कुणी मोटरसायकल पाण्यात घालून धूत असतं, वर प्री-वेडिंगवाल्यांचा ड्रोन घोंघावत असतो. शांत जागा असं काही तिला म्हणता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तिथं शांत होऊन पोचत नाही. एसटीतून उतरेपर्यंत डोक्यात ऑफिसचं क्लोजिंग चालू असतं, भावाशी झालेलं बोलणं चालू असतं, आणि कुणाला तरी द्यायचा राहिलेला रिप्लाय. हे सगळं घेऊनच मी पायरीवर बसते.

काही जण म्हणतात आधी डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, मन रिकामं करा आणि मग ब्रश उचला. मला ते कधी लागत नाही. मला उलट वाटतं की मन जसं आहे तसं घेऊन बसावं आणि लवकर पाण्याला हात घालावा, कारण वॉटरकलरचं सगळं इंगित पाण्यात आहे आणि पाणी तुमच्या मनाला विचारत बसत नाही. पेपर बोर्डला टेप मारून चिकटवलेला, बोर्ड जरासा तिरका, पेन्सिलने चार-पाच मोठे आकार बांधलेले, घाटाची उतरती रेघ, देवळाचा कळस, पलीकडच्या काठावरची झाडी एकच एक पुंजका म्हणून. मग मोठा ब्रश भरून पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसलग थर. आकाशात वर थोडा अल्ट्रामरीन, खाली येताना येलो ऑकरचा नुसता वास लागेल इतका, आणि तोच वॉश तसाच खाली पाण्यात ओढून घ्यायचा, मध्ये थांबायचं नाही, थांबलात की तिथं रेघ वाळते आणि ती रेघ नंतर जात नाही.

आणि मग हात बाजूला घ्यायचा. माझ्यासाठी चित्रातली खरी जागा ही आहे. कागद ओला आहे, चमकतोय. जोवर तो चमकतोय तोवर त्याला हात लावायचा नाही, आत्ता लांबची झाडी टाकली तर ती अख्ख्या आकाशात पसरेल. थोड्या वेळाने चमक जाते, कागद मऊ मॅट दिसायला लागतो, बोटाच्या मागच्या बाजूने टेकवलं तर गार लागतो पण ओल बोटाला येत नाही, तो क्षण झाडीचा. तेव्हा ब्रशमध्ये पाणी कमी आणि रंग जास्त घेऊन लावलं की झाडाची कड आपोआप धुक्यात गेल्यासारखी विरते. तो क्षण गेला आणि तुम्ही उशिरा गेलात तर कड कापल्यासारखी कडक येते, आणि अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये जास्त पाण्याचा ब्रश टेकला तर कागदावर फुलं पडतात, रंग ढकलला जाऊन त्याच्या कडेला वेडीवाकडी झालर तयार होते. भाताला वाफ धरलेली असताना झाकण काढायचं नसतं, तसंच हे, काही करत नाही असं दिसतं पण काम आतमध्ये चालू असतं. त्या वेळात मला दुसरं काहीच करता येत नाही. फोन बघता येत नाही कारण बघितला की तो क्षण निसटणार, घाई करता येत नाही कारण पाणी माझ्या घाईने वाळत नाही. मी नुसती बघत बसते. ऑफिसचं क्लोजिंग कधी गेलं ते कळत नाही, मी घालवलेलं नसतं, त्याला बसायला जागाच उरलेली नसते.

ही वाट बघायची लांबी ऋतूवर ठरते आणि ते मला फार आवडतं. एप्रिलमध्ये ब्रश कागदाच्या उजव्या कडेला पोचायच्या आत डावी कड वाळलेली असते, मग पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाका, सावली शोधा, सकाळी सातलाच बसा. जुलैत कोल्हापूरला देवळाच्या ओवरीत बसून काढायला घेतलं तर काही वाळतच नाही, पहिला वॉश दिला की चहा पिऊन या, परत आलात तरी कागद तसाच. तेव्हा कडक कड मिळणारच नाही हे मान्य करून सगळंच मऊ काढायचं. पावसाळ्यातली माझी चित्रं थंडीतल्यांपेक्षा जास्त शांत असतात ती काही मी पावसात जास्त शांत असते म्हणून नाही, हवेतल्या ओलीने माझ्या हातातून कडा काढून घेतलेल्या असतात.

दुसरी गोष्ट बघण्याची. लँडस्केप करताना डोळ्याला एकच प्रश्न परत परत विचारायचा असतो, हे त्याच्यापेक्षा गडद आहे की फिकं. घाटाची उन्हातली पायरी जास्त उजळ की त्यामागचं आकाश, झाडाखालची सावली जास्त गडद की देवळाच्या दारातला अंधार. डोळे बारीक करून बघायचं म्हणजे बारीकसारीक तपशील गळून पडतात आणि मोठे गडद-फिके तुकडे उरतात. हे करता करता एक गंमत होते, झाड हे झाड राहत नाही, तो एक मधल्या टोनचा, म्हणजे ना फार गडद ना फार फिका असा आकार होतो, ज्याची एक बाजू पाण्यात हरवलीय. नदी निळी नसते हे पहिल्यांदा खरोखर दिसतं, ती वरच्या आकाशाचा आणि खालच्या चिखलाचा मिळून काहीतरी करडा-पिवळा रंग असते. बेसॉल्टच्या पायऱ्यांवरची सावली जांभळट दिसते. आणि हा साधा प्रश्न विचारत असताना मनाला काळजी करता येत नाही, निदान माझ्या मनाला तरी येत नाही, दोन्ही कामांना तेच एक लक्ष लागतं आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतं.

चित्रकार सय्यद हैदर रझांच्या लहानपणची गोष्ट यासाठी मला फार जवळची वाटते. मध्य प्रदेशात मंडला भागातल्या खेड्यात, जंगलाजवळ वाढलेलं पोर, वर्गात लक्ष लागेना, तर गुरुजींनी शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं याच्याकडे बघत बस. तो ठिपका पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या चित्रात बिंदू म्हणून आला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण मधल्या काळात हेच रझा मुंबईत वॉटरकलरमध्ये लँडस्केप करत होते, इथले रस्ते, इमारती, पावसाळी हवा, हे लोक विसरतात. 1948 च्या सुमारास ते काश्मीरला जाऊन निसर्गचित्रं करत होते, तिथं कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर त्यांना भेटला आणि त्याने सांगितलं की चित्रं चांगली आहेत पण त्यात बांधणी नाही, सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास कर. 1950 मध्ये रझा फ्रान्सला गेले. मला या सगळ्यात एक धागा दिसतो, ठिपक्याकडे बघत बसलेला मुलगा आणि रस्त्यावर बसून इमारतीची सावली जोखणारा तरुण, दोघांचं काम एकच आहे, नजर एका जागी ठेवणं. बिंदू नंतर आला, सराव लँडस्केपमध्ये झाला असं मी मानते. कुणा समीक्षकाला पटणार नाही कदाचित, पण जागेवर बसून चित्र केलेल्या माणसाला पटेल.

आईच्या आजारपणात मला याचा खरा उपयोग झाला. हॉस्पिटलचा खूप मोठा मुक्काम होता, आणि तिच्या कॉटशेजारच्या खिडकीतून दिसत होतं ते असं, शेजारच्या बिल्डिंगची गच्ची, तिच्यावर काळ्या सिंटेक्सच्या टाक्या, डिश अँटेना, एक अर्धं सुकलेलं अशोकाचं झाड आणि मागे आभाळाची पट्टी. कुणी म्हणेल यात काय लँडस्केप. मी पोस्टकार्डाएवढे पेपर कापून नेलेले, एक छोटी पॅलेट, औषधाच्या झाकणात पाणी. आई झोपली की मी टाक्या काढायचे. पहिल्या काही दिवसांत मला त्या टाक्यांचा राग होता, खिडकी आहे तर निदान डोंगर तरी दिसावा. मग काढता काढता दिसायला लागलं की सकाळी नऊच्या उन्हात टाकीची एक बाजू चक्क पांढरी होते, काळा प्लास्टिकचा गोळा पांढरा, आणि संध्याकाळी तीच टाकी आणि तेच आभाळ जवळजवळ एका टोनला येतात, टाकी आभाळात विरघळते. रोज त्याच वेळेला मी त्या विरघळण्याची वाट बघायला लागले. आई जागी असली की विचारायची, "आज कावळा आला नाही गं टाकीवर? काढलास का त्याला?" मी म्हणायचे, "अगं आई, तो बसतच नाही एका जागी." "मग बसेल तेव्हा काढ की, पळून चाललाय का." असं म्हणून ती परत डोळे मिटायची. डॉक्टर राउंडला येईपर्यंतचा वेळ, रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ, जो एरवी घशात अडकून बसतो, तो त्या पोस्टकार्डांवर वाळत गेला. आईचं जे व्हायचं होतं ते चित्रांनी बदललं नाही. पण ती खिडकी आम्ही दोघींनी मिळून बघितली, आणि ती पोस्टकार्डं आजही बघितली की मला त्या खोलीची भीती आठवत नाही, टाकीवरचं ऊन आठवतं.

कोल्हापूर माझं माहेर, त्यामुळे चित्रकार आबालाल रहिमान हे नाव मी कळायला लागायच्या आधीपासून ऐकत आले. कोल्हापूरचा हा माणूस मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकला, नाव काढलं, आणि परत येऊन कोल्हापुरातच राहिला. शाहू महाराजांनी त्यांना दरबाराचे चित्रकार केलं. मुंबईत राहून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेऊन बरं कमावता आलं असतं, त्या काळात चित्रकाराचा पैसा त्यातच होता, संस्थानिक, साहेब, शेठ यांची तैलचित्रं. आबालाल मात्र कोटीतीर्थ तळ्याच्या काठाला राहिले आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच पुन्हा पुन्हा काढत राहिले. 1922 मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये ते स्वतः गेले. ही चित्रं पाण्यात सोडल्याची गोष्ट सांगताना लोक हळहळतात, केवढा ठेवा गेला म्हणून, आणि हळहळ खरीच आहे. पण मला ती गोष्ट ऐकताना दरवेळी वाटतं की ज्या पाण्यासमोर बसून माणसाने आयुष्य काढलं त्या पाण्याशी त्याचं काहीतरी असं नातं झालं असणार जे आपल्याला म्युझियममध्ये उभं राहून कळणार नाही. त्यांचं जे थोडंफार मला बघायला मिळालंय त्यात काही नाट्य नाही, काठ, झाडं, पाण्यात पडलेला उजेड. तेच तेच. एकाच तळ्यावर इतकी वर्षं जाणारा माणूस नवीन विषय शोधायला जात नसतो. आज हवा कशी आहे, आज उजेड कुठून येतोय, एवढंच बघायला जातो.

आमच्याकडे ही परंपराच आहे म्हणा ना, सिनेमातले चंद्रकांत मांडरेसुद्धा पडद्यावरचं काम सांभाळून निसर्गचित्रं करायचे, राजारामपुरीत त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, कोल्हापूरला गेलात तर अंबाबाई आणि तांबड्या-पांढऱ्याच्या मध्ये तासभर तिकडेही काढा.

आता कागदावर शांतता उतरते कशी, तर त्याला काही युक्त्या म्हणा, काही शिस्त म्हणा, आहे. सगळ्यात मोठी गोष्ट टोनची. चित्रातला सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद यातलं अंतर कमी ठेवलं, बहुतेक चित्र मधल्या दोन-तीन टोनमध्येच बसवलं की डोळ्याला उड्या माराव्या लागत नाहीत. मग रंग कुठलाही असो. तो जो केशरी-जांभळा सूर्यास्त ओरडतो तो रंगामुळे ओरडतो असं वाटतं, पण त्याचा काळा-पांढरा फोटो काढून बघा, फिक्या आकाशाला चिकटून एकदम काळे डोंगर, काळी होडी, काळं झाड असतं. दुसरं म्हणजे कडा. नजर कडक कडेवर जाऊन थांबते, मऊ कडेवरून घसरत पुढे जाते. म्हणून एक-दोनच कडा कडक ठेवायच्या, जिथं नजर टेकायला हवी तिथं, बाकी सगळं एकमेकांत हरवू द्यायचं. बाजाराच्या गल्लीचं चित्र शांत का वाटतं त्याचं उत्तर इथं आहे, माणसं शंभर असतील पण त्यांचे पाय आणि सावल्या आणि रस्ता हे सगळं एकच आकार झालेलं असतं, फक्त एखाद्याच्या पांढऱ्या शर्टची खांद्यावरची कड नीट कापलेली असते.

आणि रंग न लावलेला कागद. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग बाहेरून आणायचा नसतो, तो कागदातच असतो आणि आधीपासून सांभाळायचा असतो, ही गोष्ट मला या माध्यमातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पाण्यावरची एक चमकती रेघ हवी असेल तर पहिल्या वॉशपासून शेवटपर्यंत तिला टाळत, तिच्या बाजूबाजूने जायचं. शेवटी चित्रात जो उजेड दिसतो तो तुम्ही काही लावून आणलेला नसतो. मी माझा करडा ट्यूबमधून घेत नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत सोडते, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत जाऊन बसतात आणि जवळून बघितलं तर तो करडा निळ्या-तपकिरी कणाकणांचा झालेला दिसतो, जिवंत. तयार करडा असा हलत नाही. फार शांत चित्र मेलेलं दिसण्याचा धोका असतो आणि तो असा टाळावा लागतो, लांबून निवांत, जवळून काहीतरी चाललेलं.

निसर्गचित्रं काढणारे लोक जगापासून पळतात असं म्हणणारे भेटतात. बाहेर काय चाललंय आणि तुम्ही नद्या काढताय. मला तेव्हा फ्रेंच चित्रकार क्लोद मोने आठवतो. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने सरकत होत्या, जिव्हर्नी या त्याच्या गावातून लोक निघून जात होते, आणि हा सत्तरी पार केलेला माणूस तिथून हलला नाही. बायको आणि थोरला मुलगा गेलेले, धाकटा आघाडीवर, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या वर्षांत तो आपल्या बागेतल्या तळ्यातली कमळं काढत होता, मोठमोठ्या कॅनव्हासवर, क्षितिजसुद्धा नाही, नुसतं पाणी आणि पाण्यातलं आभाळ. 11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पंतप्रधान क्लेमांसोला पत्र लिहिलं की मला ही चित्रं देशाला द्यायचीत. ते काम तो मरेपर्यंत संपवत नव्हता, 1926 च्या डिसेंबरात तो गेला आणि 1927 मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल खोल्यांत ती लोकांसाठी खुली झाली. एवढी माणसं गमावलेल्या देशाला त्याने विजयाचं चित्र दिलं नाही, बसून बघायला पाणी दिलं. याला पळणं म्हणायचं असेल त्याने म्हणावं, मी नाही म्हणणार.

पण त्या आक्षेपातला एक भाग मला टोचतो आणि तो मी सोडून देऊ शकत नाही. रंकाळ्याचं उदाहरण घ्या. आबालालांनी काढला तो रंकाळा आणि आजचा रंकाळा यात सांडपाणी आलंय, जलपर्णी आलीय, काही वर्षी पाणी शेवाळाने पार हिरवंगार होऊन वास मारायला लागलेलं मी स्वतः बघितलंय. अशा तळ्याचं निवांत, करडं, सुंदर चित्र काढणं म्हणजे खोटं बोलणं का? मला वाटतं ते चित्रकार कुठं बसलाय आणि खरंच बघतोय का यावर आहे. फोटोवरून, घरी, एसीत बसून काढलेल्या रंकाळ्यात वास येत नाही, म्हणून तो गुळगुळीत होतो. काठावर बसलात की नाकाला सगळं कळतं आणि हाताला ते टाळता येत नाही.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा संध्याकाळी पॅड घेऊन रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या बाजूला जाऊन बसले. मागे चौपाटी पूर्ण भरात, भेळ, कणसं, घोडेवाला, लाउडस्पीकरवर कुठलंतरी गाणं. पाणी कमी झालेलं त्यामुळे मठाचे दगडी खांब बरेच वर आलेले, एरवी पावसाळ्यात तो बराचसा पाण्याखाली असतो. मी माझ्या नेहमीच्या सवयीने आकाश आणि पाणी एकाच करड्या वॉशमध्ये बांधून घेतलं होतं आणि चमक जायची वाट बघत होते. एक चौथी-पाचवीतला पोरगा कणीस खात बाजूला येऊन उभा राहिला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,

"ओ काकू, पाणी तर हिरवं हाय की. तुम्ही राखाडी का केलंय?"

मी त्याला म्हटलं, डोळे असे बारीक कर, अजून, अजून, आता बघ आकाश आणि पाणी. त्याने कणीस खाली घेतलं आणि अगदी मनापासून डोळे बारीक केले. "व्हय, आता दोन्ही सारखंच दिसतंय," म्हणाला. मग डोळे उघडले, परत पाण्याकडे बघितलं. "पण हिरवं हायच."

मी म्हटलं, "हो रे, आहेच."

"मग कधी टाकणार?"

कागदावरची चमक अजून पूर्ण गेली नव्हती. मी सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घातला, तो टोन करड्याच्या जवळ आणला आणि ब्रश पाण्याच्या पट्टीत टेकवला. हिरवा मठाच्या पायापासून उजवीकडे पसरत गेला, आम्हा दोघांच्या अंदाजापेक्षा बराच लांब. तो म्हणाला, "आणि ते तिकडं पिशव्या हायत त्या?" मी म्हटलं, "त्या नंतर. आधी हे वाळू दे." तो कट्ट्यावर माझ्या शेजारी बसला आणि उरलेलं कणीस खायला लागला.